जिथे गिऱ्हाईक बोलू शकत नाही, तिथे पारख कशी करावी?

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी निवासी केंद्र निवडू पाहणाऱ्या व्यापारी व कारागीर कुटुंबांसाठी

उचगाव हे कोल्हापूरला खेटून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसलेले गाव. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, थोड्या अंतरावर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, पलीकडे हुपरीचे चांदीकाम. अशा परिसरात वाढलेल्या माणसाला माल पारखायला वेगळे शिकावे लागत नाही. कापड असेल तर तो बोटांत चुरगळून पाहतो, बिडाचे कास्टिंग असेल तर ठोकून आवाज ऐकतो, चांदी असेल तर कस लावतो. एवढे करूनही माल खोटा निघालाच तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहते. बाजारातला पुष्कळसा प्रामाणिकपणा या तक्रारीच्या धाकावर टिकून असतो.

परंतु एक व्यवहार असा आहे की ज्यात हा धाकच उरत नाही. समजा, उचगावातील एका टर्नरचे वडील आहेत. चाळीस वर्षे त्यांनी कापडाचे दुकान चालवले, आता वय पंचाहत्तर. रात्री दोन वाजता उठतात, "दुकान उघडायची वेळ झाली" म्हणत दाराची कडी काढतात आणि चालू लागतात. महामार्ग घरापासून पाच मिनिटांवर. मुलगा दुसरी पाळी करून आलेला, सून दिवसभर त्यांच्यामागे धावून थकलेली, नातवंडांच्या परीक्षा. शेवटी कोणीतरी एका केंद्राचा पत्ता देतो. मुलगा जाऊन येतो. फरशी चकचकीत, भिंतीवर रंगीत फोटो, ऑफिसात एसी. तो पैसे भरतो. महिन्याभराने भेटायला गेल्यावर वडील अगदी गप्प झालेले दिसतात. "आता काही त्रास देत नाहीत," असे त्याला सांगितले जाते.

हे गप्प होणे चांगले की वाईट? पैसे भरणारा तिथे राहत नाही आणि जो राहतो त्याला तक्रार करता येत नाही. केली तरी "त्यांना काही आठवत नाही" म्हणून ती बाजूला पडते. म्हणून या व्यवहारात पारख करण्याची सगळी जबाबदारी कुटुंबावर येते. ती कशी पार पाडावी, हे या लेखात पाहू.

आधी रोगाची खात्री

स्मृतिभ्रंश म्हणजे वयोमानाने येणारा साधा विसरभोळेपणा नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार, मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडाने होणारा दुसरा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरील अभ्यासानुसार भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे रुग्ण सुमारे ८८ लाख आहेत. तेव्हा ही एखाद-दुसऱ्या घरावर आलेली आपत्ती नाही.

केंद्राचा शोध घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, खोल उदासीनता, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, यांमुळेही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि यांवर उपचार होऊ शकतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मनोविकार विभाग आहे. तिथून सुरुवात करता येते.

घरी ठेवावे की केंद्रात?

आईवडिलांना बाहेर ठेवणे हा विचारच आपल्या समाजात अनेकांना गुन्ह्यासारखा वाटतो. त्यांची सेवा हे आपण कर्तव्य मानतो आणि ते योग्यच आहे. जिथे जमते तिथे घरीच काळजी घ्यावी. गोव्यात संगात या संस्थेच्या मदतीने झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८१ कुटुंबे होती. स्थानिक, साध्या शिक्षणाच्या माणसांना तयार करून त्यांतील काही घरी पाठवले गेले. रोग काय आहे, चिडचीड कशी हाताळावी, काळजी घेणाऱ्याने आपली प्रकृती कशी सांभाळावी, एवढेच ते सांगत. तेवढ्यानेही काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचे आढळले.

परंतु सेवा म्हणजे रुग्ण घराच्या चार भिंतींत असणे एवढेच नाही. सून आजारी पडली, मुलगा रात्रपाळीला गेला आणि वडील खोलीत कोंडलेले राहिले, तर ते घरी असूनही त्यांची सेवा झाली असे म्हणता येणार नाही. अशा वेळी चांगले केंद्र निवडणे हाही सेवेचाच एक मार्ग होतो. मात्र ते चांगले असले पाहिजे, आणि साधा वृद्धाश्रम इथे चालत नाही. तिथे बहुधा स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या वृद्धांची सोय असते. स्मृतिभ्रंशासाठी वेगळी तयारी लागते. उचगावावरून जाणारा महामार्ग एकीकडे पुण्या-मुंबईकडे आणि दुसरीकडे बेंगळुरूकडे जातो. मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळ येथे आणि बेंगळुरूच्या नाईटिंगेल्स मेडिकल ट्रस्टने त्या शहरात अशा रुग्णांसाठी खास केंद्रे उभारली. ज्यांना शक्य आहे त्यांनी कुठलेही एक जुने, अनुभवी केंद्र आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे. नंतर जवळपासचे केंद्र पाहताना तुलना करता येते.

फरशी पाहू नका, माणसे पाहा

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. केंद्राचा दर्जा इमारतीवरून वा कागदपत्रांवरून ठरवण्याऐवजी रुग्णाचा दिवस कसा जातो यावरून ठरवावा, असे त्यांचे म्हणणे. १९९० च्या सुमारास त्यांनी कॅथलीन ब्रेडिन यांच्यासह त्यासाठी एक पद्धत बसवली. प्रशिक्षित निरीक्षक बैठकीच्या खोलीत शांतपणे बसतो आणि दर पाच मिनिटांनी काही रुग्णांची नोंद करतो. हा माणूस आता काय करतो आहे, खूश आहे की अस्वस्थ, त्याच्याशी कोणी बोलले का, बोलले तर कसे? असे सुमारे सहा तास चालते. ही पद्धत पुढे अनेक देशांत वापरली गेली.

आपल्याला सहा तासांची नोंद करणे जमणार नाही, पण दोन तास बसणे जमते. घाऊक बाजारात सौदा करण्यापूर्वी आपण दुकानाच्या ओट्यावर बसून गिऱ्हाइकी पाहतोच, तसेच हे. किटवूड यांनी वाईट वागणुकीचे जे प्रकार सांगितले, ते मारझोडीचे नव्हते, रोजचे होते. रुग्णासमोरच त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलणे, लहान मुलासारखे दटावणे, घाई करणे, हाक मारली तरी न ऐकणे, खोटे सांगून वेळ मारून नेणे. हे सारे दोन तासांत दिसून येते.

तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वेळी जा

एका भेटीत निर्णय घेऊ नये. पहिली भेट जेवणाच्या वेळी असावी. ताट समोर ठेवून आया निघून जाते की शेजारी बसून भरवते? एका घासानंतर दुसरा घास देण्यापूर्वी पहिला गिळला की नाही हे पाहते काय? रोग वाढला की गिळणे अवघड होते आणि घाईत दिलेला घास श्वासनलिकेत जातो. पाणी मागितल्यावरच मिळते की न मागता दिले जाते, हेही पाहावे. या रुग्णांना तहान सांगता येत नाही.

दुसरी भेट संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान असावी. दिवस मावळताना अनेक रुग्ण बेचैन होतात, "घरी जायचे" म्हणून दाराकडे धावतात. ही वेळ केंद्राची खरी परीक्षा घेते. त्या वेळी कर्मचारी त्यांना हाताला धरून फेरी मारायला नेतात, बोलण्यात गुंतवतात, की खोलीत घालून कडी लावतात? फिरायला सुरक्षित आवार असेल तर पुष्कळ भांडणे आपोआप टळतात.

तिसरी भेट पहाटे, रात्रपाळी संपण्यापूर्वी व्हावी. परवानगी मागितल्यावर केंद्र काय उत्तर देते यावरूनही बरेच कळते. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात? ओल्या कपड्यांचा वास येतो काय? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला रात्री कूस बदलून देतात काय? संडासाचा रस्ता उजेडात आहे काय, भिंतीला धरायला दांडी आहे काय, दारावर चित्र वा ठळक खूण आहे काय? संडास सापडला नाही म्हणून कपडे ओले करणारा माणूस आणि ताबा गेलेला माणूस, यांत फरक आहे.

वह्या मागा

कारखान्यात माल तपासणाऱ्याला नोंदवही ठेवावी लागते. इथेही चार वह्या मागाव्यात.

पहिली वही वजनाची. प्रत्येक रुग्णाचे वजन दर महिन्याला घेतले जाते काय? महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटले तर ती धोक्याची खूण समजतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे एका महिन्यात तीन किलो कमी झाले तर विचारणा झालीच पाहिजे. ज्याला बोलता येत नाही त्याची तक्रार काटा सांगतो.

दुसरी वही औषधांची. कोणती गोळी, कोणी लिहून दिली, केव्हा दिली आणि कोणी दिली. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारांची औषधे काही वेळा आवश्यक असतात, परंतु निव्वळ रुग्ण शांत पडून राहावा म्हणून ती दिली जाऊ नयेत. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या जातीच्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ साली तो जुन्या औषधांनाही लावला. इंग्लंडमध्ये सरकारने करवून घेतलेल्या २००९ च्या अहवालात असा अंदाज होता की, तेथे सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंश रुग्णांना ही औषधे दिली जात होती आणि त्यांमुळे वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत होते. तेव्हा "शांत झाले" असे ऐकल्यावर कोणती गोळी चालू केली, किती दिवसांसाठी, डॉक्टर पुन्हा केव्हा तपासणार, हे विचारावे. मात्र चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरी वही पडण्याची आणि जखमांची. "आमच्याकडे कधी कोणी पडतच नाही," असे सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नये. वृद्ध माणसे पडतात. पडल्याची नोंद होते काय, घरच्यांना त्याच दिवशी कळवतात काय, पुढे काय बदल केला, हे महत्त्वाचे. पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमाही याच वहीत याव्यात.

चौथी वही बांधून ठेवण्याची. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला एकांतात कोंडता येत नाही. त्याला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्यास दुसरा मार्गच नसेल आणि प्रमुख मनोविकारतज्ज्ञांनी मंजुरी दिली असेल तरच बांधता येते, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. खाटेला वा खुर्चीला ओढणी बांधलेली दिसली तर कारण विचारावे.

कामगारांकडे लक्ष

कारागीर बंधूंना हे सांगायला नको की, काम शेवटी हातावर ठरते. एकूण कामगार किती हे न विचारता प्रत्येक पाळीत किती, ते विचारावे. गेल्या वर्षभरात किती माणसे सोडून गेली? रोज नवा चेहरा दिसला तर स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घाबरतो. आयांना आणि मामांना कोणी शिकवले, त्यांना पगार वेळेवर मिळतो काय, साप्ताहिक सुट्टी मिळते काय? ज्याला सलग दोन पाळ्या कराव्या लागतात त्याच्याकडून रात्री तीन वाजता गोड शब्दांची अपेक्षा व्यर्थ आहे. फार स्वस्त दराचे केंद्र बहुधा इथेच काटकसर करते.

आपल्या माणसाच्या सवयी

रोगात नवी आठवण आधी पुसली जाते, जुनी सवय पुष्कळ काळ टिकते. नंतर शिकलेली भाषा मागे पडून लहानपणची बोली वर येते. घरात दखनी बोलणाऱ्या आजीला शुद्ध मराठीत वा इंग्रजीत विचारलेले कळेनासे होते. तिची बोली समजणारे तिथे कोणी आहे काय? नातवाचे नाव विसरलेले आजोबा अजान ऐकून वजूसाठी बाह्या वर करतात, हात बांधून उभे राहतात. त्यांना स्वच्छ जागा आणि पाच मिनिटे मिळतील काय? जेवणात हलालची खात्री कशी होते, महिलेला अंघोळ घालायला महिलाच असते काय, रमजानमध्ये उपवासाचा हट्ट धरला तर औषधांचे कसे करतात? हे लाजून न विचारता सोडू नये. चांगले केंद्र उलट आपल्यालाच विचारते की, हे पूर्वी काय काम करीत, चहा कसा घेत, काय म्हटल्यावर खूश होत. कापडाचे दुकान चालवलेल्या माणसापुढे घडी करायला चार टॉवेल ठेवले तर त्याची दुपार सुखात जाते. असे प्रश्न ज्या केंद्रात विचारले जात नाहीत तिथे सर्वांना एकाच मापाने मोजले जाते, असे समजावे.

करारपत्र

वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा आणि दिशाभानाचा गंभीर बिघाडही येतो. म्हणून केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे काय, ते विचारावे. करार लेखी असावा. त्यात महिन्याचा आकार, डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट हे आत की वेगळे, अनामत किती व परत केव्हा, दरवाढ कशी, हे स्पष्ट हवे. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाने साठीवरील रहिवाशाकडून राहणे, जेवण आणि देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत आकार घेतल्यास २०१८ साली जीएसटीतून सूट देण्यात आली. बिल पाहताना हे ध्यानात असावे.

रुग्णाची सही घेऊन करार करू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, समजून घेण्याची शक्ती नसताना केलेला करार टिकत नाही. कुटुंबातील एकाने स्वतःच्या नावाने जबाबदारी घ्यावी.

आणखी दोन प्रश्न अवघड आहेत, पण आधीच विचारावेत. रोग वाढल्यावर, चालणे थांबल्यावर तुम्ही ठेवून घ्याल की परत पाठवाल? आणि मृत्यू झाल्यास कोणाला, किती वेळात कळवाल? गुस्ल आणि दफन कुठे होणार, मय्यत गावी न्यायची असल्यास दाखला कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. त्या रात्री वाद घालण्याची कोणाची अवस्था नसते.

ठेवल्यानंतर

पारख दाखल करण्याच्या दिवशी संपत नाही. न कळवता, वेगवेगळ्या वेळी जावे. भावाभावांनी पाळ्या लावून घ्याव्यात. जिथे नातेवाईक येत-जात असतात तिथे कामगारही सावध राहतात. जो केंद्रचालक भेटीची वेळ फक्त रविवारी अकरा ते बारा अशी ठेवतो, त्याला कारण विचारावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०२१ साली सुरू झाली, तिथे सल्ला मिळू शकतो. आणि हेही ध्यानात असावे की, आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ नुसार ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे नियमित भरले म्हणजे सर्व फिटले, असे कोणी समजू नये.

आता त्या गप्प झालेल्या वडिलांकडे परत येऊ. मुलाने काय करावे? वजनाची वही पाहावी. औषधांची वही पाहून कोणती नवी गोळी सुरू झाली ते आपल्या डॉक्टरांना दाखवावे. मनगटावर आणि पाठीवर खुणा आहेत काय ते पाहावे. संध्याकाळपर्यंत तिथेच बसावे. आणि हातात कापडाचा एक तुकडा देऊन भाव विचारावा. बोटांत चुरगळून त्यांनी काही पुटपुटले, चेहऱ्यावर थोडी हालचाल दिसली, तर हा गप्पपणा कदाचित स्वस्थतेचा असेल. डोळे जड, हात गळालेला आणि वजन तीन किलो घटलेले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि केंद्रचालक यांना समोरासमोर बसवावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर वडिलांना दुसरीकडे हलवण्याची तयारी करावी.

बाजारात आपण दोन रुपयांच्या मालासाठी दहा दुकाने फिरतो. ज्यांनी आपल्याला माल पारखायला शिकवले, त्यांच्यासाठी तीन फेऱ्या आणि चार वह्या म्हणजे काही फार नाही.